सदुसष्ट नॅनोसेकंदांचा हिशेब : प्रस्तावना

१० गिगाबिटच्या इथरनेटवरून जाणारं सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटांचं असतं. त्याच्या आधी ८ बाइटांची पूर्वसूचना आणि नंतर १२ बाइटांचं सक्तीचं अंतर धरलं, की तारेवर त्याला ८४ बाइटांची, म्हणजे ६७२ बिटांची जागा लागते. ते ६७.२ नॅनोसेकंदांत पुढे सरकतं आणि लगेच मागचं येऊन उभं राहतं. सेकंदाला अशी सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं. प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा असेल तर प्रत्येक पॅकेटच्या वाट्याला त्याच्या क्लॉकचे जेमतेम दोनशे ठोके येतात. तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टिमने पॅकेट कार्डाकडून उचलायचं, त्याच्यासाठी मेमरी काढायची, ते कुणासाठी आहे हे ओळखायचं, योग्य जागी पोचवायचं आणि शेवटी ती मेमरी मोकळीही करायची. तार १०० गिगाबिटची झाली की हातात ६.७२ नॅनोसेकंद उरतात. म्हणजे वीस ठोके.

हे ठोके वाचवायचे कसे, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आपण ते खरोखर वाचवले का, हे ठरवायचं कसं, हा या पुस्तकाचा विषय आहे. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होतं ते तो कंटाळवाणा वाटतो म्हणून. पॅच लिहायला एक संध्याकाळ पुरते. त्याने पॅकेटमागे चार नॅनोसेकंद वाचले, हे स्वतःला पटेल अशा रीतीने दाखवायला आठवडा लागू शकतो, आणि आठवड्याच्या शेवटी काहीच वाचलं नाही असंही निघू शकतं.

तेव्हा रेड हॅटमध्ये काम करणारे येस्पर डांगार्ड ब्राउअर यांनी जानेवारी २०१५मध्ये ऑकलंडच्या लिनक्स परिषदेत या खर्चाचं दरपत्रकच मांडलं होतं. त्यांच्या ३ गिगाहर्ट्झच्या यंत्रावर हवी ती गोष्ट कॅशमध्ये सापडली नाही की सुमारे ३२ नॅनोसेकंद गेले. दोनदा असं झालं की जवळजवळ सगळं बजेट संपलं. दुसऱ्या कोरशी भांडण होऊ नये म्हणून कुलूपबंद चालवलेली एकच सूचना ८.२५ नॅनोसेकंद खाते. स्पिनलॉक लावणं आणि सोडणं मिळून १६च्या आसपास, तेही त्या कुलपासाठी दुसरं कुणी ताटकळत नसताना. साधा सिस्टिम कॉल ४२च्या थोडा खाली, आणि सुरक्षेची तपासणी व ऑडिट चालू असेल तर ७५. म्हणजे काम सुरू होण्याआधी, नुसता कर्नलचा उंबरा ओलांडण्यातच एका पॅकेटचा वेळ उलटून गेला. हे दरपत्रक वाचलं की कर्नलमधली माणसं एकेका कुलपासाठी, एकेका कॅश लाइनसाठी महिनोन्‌महिने का वाद घालतात ते कळतं.

त्याच व्याख्यानाच्या मुळाशी असलेली एक सवय मला दरपत्रकापेक्षा मोलाची वाटते. सेकंदाला किती पॅकेटं गेली हे सांगण्याऐवजी पॅकेटमागे किती नॅनोसेकंद लागले ते सांगायचं. ‘दहा लाख पॅकेटं वाढली’ हे वाक्य ऐकायला एकच असलं तरी त्याचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. दहा लाखांवरून वीस लाखांवर गेलात तर तुम्ही पॅकेटमागे ५०० नॅनोसेकंद वाचवले. एक कोटी चाळीस लाखांवरून दीड कोटीवर गेलात तर ४.७६. पहिल्या ठिकाणी कुणाचा तरी ढोबळ निष्काळजीपणा दूर झाला असणार, आणि दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी रक्त आटवलं असणार. टक्केवारी तर याहून फसवी, कारण पाया न सांगता तिला कुठेही मिरवता येतं. अभियांत्रिकीच्या प्रकल्प-अहवालांत ‘२० टक्के सुधारणा’ हमखास असते, पण ती कशाच्या २० टक्के आहे हे विचारलं की सादरीकरणाची पुढची स्लाइड येते. नॅनोसेकंदांची मात्र बेरीज-वजाबाकी होते. एक कुलूप काढलं तर १६ गेले पाहिजेत. मोजल्यावर ४० गेलेले दिसले तर आनंदाने टाळ्या पिटण्याआधी उरलेले २४ कुठून आले हे शोधायला हवं.

मोजमापाचा एक उत्तम नमुना तेव्हा पीसा विद्यापीठात असलेल्या लुइजी रिझो यांच्या २०१२च्या नेटमॅपवरील निबंधात आहे. नेटमॅप म्हणजे कर्नलचा नेहमीचा रस्ता टाळून पॅकेटं पाठवण्याचं त्यांचं साधन. फ्रीबीएसडीत एखाद्या प्रोग्रॅमने एक यूडीपी पॅकेट पाठवलं तर ते तारेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो आणि वाटेत तो कुठे कुठे खर्च होतो, हे त्यांना पाहायचं होतं. प्रत्येक टप्प्यावर घड्याळ लावण्याऐवजी त्यांनी सिस्टिम कॉल वेगवेगळ्या खोलीवरून मुद्दाम लवकर परत फिरवला. एकदा उंबऱ्यावरूनच, एकदा सॉकेटपाशी, एकदा आयपीच्या थरातून, एकदा ड्रायव्हरच्या तोंडाशी. लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की मधल्या टप्प्याचा खर्च मिळतो. सगळा प्रवास ९५० नॅनोसेकंदांचा निघाला, ६७.२च्या चौदा पट. आणि आकड्यांखाली त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं, की या किमतींत ५ टक्के इकडे-तिकडे धरावं.

या ५ टक्क्यांकडे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. ९५०चे ५ टक्के म्हणजे ४७ नॅनोसेकंदांहून थोडे जास्त. ब्राउअर यांच्या दरपत्रकातलं स्पिनलॉक १६चं. म्हणजे या पट्टीने मोजलं तर एक कुलूप काढल्याचं दिसणारच नाही, आणि दोन काढली तरी खात्री नाही. रिझोंना त्याची गरज नव्हती, कारण त्यांना कुलपं मोजायची नव्हती. त्यांना तो सगळा रस्ताच टाळायचा होता, आणि तो टाळल्यावर ९०० मेगाहर्ट्झवर चालवलेल्या एका कोरने १० गिगाबिटची तार पूर्ण भरून दाखवली. जो माणूस रस्ता बदलत नाही, त्याच रस्त्यावरचे खडे वेचतो, त्याला मात्र याच्यापेक्षा बारीक पट्टी लागते. लवकर परत फिरण्याच्या युक्तीतही एक खोच आहे. अर्ध्यावरून परतलेल्या वाटेवर पुढचा कोड चालतच नाही, त्यामुळे तो कॅशमधली जागाही अडवत नाही, आणि आधीचे टप्पे खऱ्यापेक्षा स्वस्त दिसू शकतात. पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. तिच्याकडून काय विचारायचं आणि काय नाही, एवढंच.

खर्च कुठे होतो याबद्दलचा अंदाज चुकण्याची परंपरा जुनी आहे. १९८०च्या दशकात टीसीपी हा प्रोटोकॉलच जड आहे, तो सिलिकॉनमध्ये उतरवला पाहिजे, असं बऱ्याच जाणत्यांचं मत होतं. डेव्हिड क्लार्क, व्हॅन जेकबसन, जॉन रॉमकी आणि हॉवर्ड सॅल्वेन यांनी १९८९ साली बसून चक्क सूचना मोजल्या. नेहमीच्या वाटेवरच्या पॅकेटसाठी टीसीपीचं स्वतःचं काम दोनशेच्या आसपास सूचनांत आटोपत होतं. वेळ जात होता तो बाइट इकडून तिकडे उचलून ठेवण्यात, चेकसमसाठी त्यांची बेरीज करण्यात आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाकीच्या लटांबरात. दोषी प्रोटोकॉल नव्हता, मेमरी होती.

साडेतीन दशकांनी तोच दोषी पुन्हा सापडला. मार्च २०२४मध्ये आलेल्या लिनक्स ६.८मध्ये गूगलच्या अभियंत्यांचं एक काम आहे. त्यात नवा अल्गोरिदम नाही, काढून टाकलेलं पाऊलही नाही. टीसीपीचा प्रवाह, नेटवर्क कार्ड वगैरेंची माहिती ज्या मोठ्या रचनांमध्ये कर्नल साठवतो, त्यांतल्या घटकांचा क्रम तेवढा बदलला आहे. प्रोसेसर मेमरी ६४ बाइटांच्या तुकड्यांत उचलतो. पॅकेट पाठवताना हमखास लागणारे दहा घटक दहा वेगळ्या तुकड्यांत विखुरलेले असतील तर दहा फेऱ्या, दोन तुकड्यांत शेजारी-शेजारी बसवले तर दोन. वर्षानुवर्षं कुणीही यावं आणि जिथे जागा दिसेल तिथे आपला घटक ठेवून जावं, अशा रीतीने या रचना फुगल्या होत्या. त्या आवरल्यावर हजारो जोडण्या एकाच वेळी चालू असलेल्या एएमडीच्या यंत्रांवर टीसीपीची कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं मोजलं गेलं. यातला ‘पर्यंत’ हा शब्द सोडू नये. जोडण्या थोड्या असतील तर सगळं कॅशमध्ये मावतं आणि क्रमाने फारसं बिघडत नाही. ज्याने दहा जोडण्यांवर मोजलं असतं त्याने हा पॅच निरुपयोगी ठरवला असता, आणि त्याचे आकडे खोटे नसते.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. टॉड मिटकोविच आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिलं, की प्रोग्रॅमला अजिबात हात न लावता त्याचा वेग बदलता येतो. युनिक्समध्ये प्रोग्रॅम सुरू होताना एन्व्हायर्नमेंटमधले शब्द स्टॅकच्या वर ठेवले जातात. ते वाढले की स्टॅक थोडा सरकतो, आणि तो सरकला की मेमरीतली मांडणी प्रोसेसरला कमी-अधिक सोयीची होते. लिंक करताना फाइलींचा क्रम बदलला तरी तेच. हा परिणाम इतका मोठा होता की ऑप्टिमायझेशन फायद्याचं की तोट्याचं, हा निकालच उलटत होता. दुसऱ्याच्या खात्यावर, वेगळ्या लांबीच्या नावाने, तोच प्रयोग केला तर उत्तर वेगळं येण्याची सोय! त्यांनी नामवंत परिषदांमधले १३३ निबंध तपासले. या दोषाची पुरेशी काळजी घेतलेला एकही सापडला नाही. पुढे २०१३ साली कर्ट्‌सिंगर आणि बर्गर यांनी प्रोग्रॅमची मांडणी चालता चालता सतत पिसत ठेवणारं साधन बनवलं आणि कंपायलरची तिसऱ्या पातळीची सुधारणा दुसऱ्या पातळीहून सरस आहे का ते पाहिलं. फरक गोंगाटात बुडालेला निघाला.

कर्नलही याला अपवाद नाही. एका कोपऱ्यात चार ओळी वाढल्या की त्यांच्या पुढची सगळी फंक्शनं काही बाइट सरकतात, आणि नेटवर्कशी संबंध नसलेल्या पॅचमुळे नेटवर्कचा आकडा हलतो. हा त्रास इतका वाढला की प्रत्येक फंक्शन ६४ बाइटांच्या सीमेवरच सुरू व्हावं असा एक पर्याय लिनक्समध्ये घालावा लागला. तो वेगासाठी नाही. स्वयंचलित चाचण्यांनी उठवलेल्या हाकाट्यांतल्या खऱ्या कोणत्या आणि नुसत्या सरकण्याच्या कोणत्या, हे निवडता यावं यासाठी आहे.

सोनार वजन करण्याआधी पंखा बंद करतो, तसं यंत्र आधी शांत करावं लागतं. प्रोसेसर थंड असताना आपोआप वर चढणारी फ्रिक्वेन्सी एका जागी बांधायची. एकाच कोरवर दोन कामं चालवणारं हायपरथ्रेडिंग बंद करायचं. कार्डाचे इंटरप्ट ठरावीक कोरला नेमून द्यायचे, आणि तो कोर कार्डाच्याच बाजूच्या सॉकेटवरचा आहे ना हे पाहायचं. गाढ झोपेत गेलेल्या कोरला जागं व्हायला सर्व्हरच्या प्रोसेसरवर शंभरेक मायक्रोसेकंद लागू शकतात, तेवढ्यात १० गिगाबिटवर पंधराशे लहान पॅकेटं येऊन जातील. म्हणूनच हलक्या भाराखाली लेटन्सी जड भारापेक्षा वाईट दिसण्याचा चमत्कार घडतो. शिवाय सगळं शांत करून मोजलेला आकडा हा शांत यंत्राचा आकडा असतो. गिऱ्हाइकाचं यंत्र तसं नसतं. कारण शोधायला शांत यंत्र आणि परिणाम सांगायला गजबजलेलं, असे दोन्ही आकडे हवेत.

घड्याळही भाव खातं. प्रोसेसरचा ठोके-मोजणारा काउंटर वाचायलाच वीस-तीस ठोके जातात, आणि प्रोसेसर सूचना मागे-पुढे करत असल्यामुळे अडसर घातल्याशिवाय तो नेमका कधी वाचला गेला हेही सांगता येत नाही. अडसर घातला की ज्याचं मोजमाप करतोय त्याचीच लय मोडते. म्हणून लाखो पॅकेटं एकत्र मोजून भागाकार करणं बरं. पण भागाकाराने शेपूट झाकलं जातं. हजारातलं एक पॅकेट पन्नास मायक्रोसेकंद अडकलं तरी सरासरीत ते पॅकेटमागे पन्नास नॅनोसेकंदांची किरकोळ वाढ होऊन बसतं.

एवढं करूनही आकडे डगमगतातच, आणि तिथे मदतीला येतो डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतला एक रसायनज्ञ. विल्यम सीली गॉसेट यांच्यापुढे प्रश्न होता तो मोजक्याच नमुन्यांवरून जवाच्या आणि बिअरच्या दर्जाबद्दल काय म्हणता येईल हा. त्यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने उत्तर छापलं, आणि ती चाचणी आजही त्याच नावाने ओळखली जाते. फ्रीबीएसडीमध्ये पॉल-हेनिंग कांप यांनी लिहिलेला मिनिस्टॅट हा चिमुकला प्रोग्रॅम तेच काम करतो. आधीचे आकडे एका फाइलीत, नंतरचे दुसऱ्या, आणि उत्तर म्हणून एकतर फरक त्याच्या अनिश्चिततेसह, नाहीतर एक रोखठोक ओळ : ९५ टक्के विश्वासपातळीवर फरक सिद्ध होत नाही. फ्रीबीएसडीच्या वर्तुळात वेगाचा दावा करणाऱ्याकडे मिनिस्टॅटचं उत्तर मागितलं जातं. ही प्रथा मला फार आवडते, कारण तिच्यात कुणाच्या प्रतिष्ठेला वाव नाही.

या चाचणीचं गणित एकदा हाताने करून पाहावं. समजा प्रत्येक धावेचा आकडा सरासरीभोवती १ टक्क्याने डगमगतो आणि तुम्ही आधीच्या पाच, नंतरच्या पाच धावा घेतल्या. मग सुमारे दीड टक्क्यापेक्षा लहान फरकाबद्दल तुम्हाला तोंड उघडता येत नाही. पॅकेटमागे ५०० नॅनोसेकंद लागत असतील तर तो दीड टक्का म्हणजे साडेसात नॅनोसेकंद, जवळजवळ एका कुलूपबंद सूचनेइतका. अर्धा टक्का पकडायचा तर प्रत्येकी तीसपेक्षा जास्त धावा हव्यात. आणि त्या धावा एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, इथे बहुतेकजण घसरतात. एकदाच बूट करून घेतलेल्या तीस धावा स्वतंत्र नसतात, कारण मेमरीची पानं जिथे पडली तिथेच राहतात. सकाळी सगळ्या जुन्या कर्नलच्या आणि दुपारी सगळ्या नव्याच्या धावा घेतल्या तर एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत तुम्ही तापमान मोजत असता. जुना-नवा, जुना-नवा असं आलटून-पालटून आणि मध्ये यंत्र पुन्हा सुरू करून घ्यावं. वेळ जातो, इलाज नाही.

‘पॅकेटमागचा खर्च’ ही मुळात स्थिर संख्याही नाही. लिनक्समध्ये पहिलं पॅकेट इंटरप्ट देऊन कर्नलला उठवतं, मग इंटरप्ट बंद ठेवून ड्रायव्हर एका खेपेला साधारण ६४पर्यंत पॅकेटं उचलतो. खेप भरलेली असेल तर वरखर्च चौसष्टांत वाटला जातो, एकच पॅकेट असेल तर एकट्यावर पडतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे मार्टिन कार्स्टन यांनी जो डमाटो यांच्यासोबत केलेलं अलीकडचं काम याच जागेवर आहे. प्रोग्रॅम स्वतःच पॅकेटं उचलण्यात गुंतलेला असेल तोवर इंटरप्ट थोपवायचे, तो रिकामा झाला की पुन्हा सुरू करायचे. सुमारे तीस ओळींचा हा बदल जानेवारी २०२५च्या लिनक्स ६.१३मध्ये आला, आणि डेटा सेंटरमधल्या काही कामांची ऊर्जा ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकेल असं विद्यापीठाने सांगितलं. बातम्यांच्या मथळ्यांना ‘काही’ आणि ‘पर्यंत’ हे शब्द नेहमीच जड जातात. कामाच्या गुणवत्तेबद्दल मला शंका नाही, ते सुरेख आहे. पण ते नेटवर्कवर जगणाऱ्या सर्व्हरचं मोजमाप आहे, सबंध डेटा सेंटरच्या वीजबिलाचं नव्हे.

शिवाय प्रत्येक बचतीला मुदत असते. यादी चालताना पुढचा घटक आधीच कॅशमध्ये मागवून ठेवणं, म्हणजे प्रीफेच, लिनक्सच्या यादी फिरणाऱ्या मॅक्रोंमध्ये वर्षानुवर्षं होतं, आणि ते फायद्याचं आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. २०११ साली मोजून पाहिलं तर ते काढल्यावर कर्नल अर्ध्या टक्क्याने वेगवान झाला. हॅश टेबलमधल्या याद्या आखूड असतात, त्यामुळे बहुतेक वेळा पुढचा घटक नसतोच, आणि प्रोसेसर शून्य पत्त्यावरून काहीतरी आणण्याच्या खटपटीत पडतो. ते काढून टाकलं गेलं. याच्या उलट गोष्ट २०१८ची. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या बंदोबस्तामुळे पॉइंटरमधून केलेला फंक्शन कॉल एकाएकी महाग झाला, आणि नेटवर्कचा कोड असल्या कॉलांनी भरलेला आहे. मग लिनक्स ५.०पासून, पॉइंटर ओळखीच्या एक-दोन फंक्शनांपैकी कुणाचा आहे का हे आधी तपासून थेट कॉल करायची युक्ती आली. एक वर्ष आधी हा पॅच कुणी पाठवला असता तर कोड विनाकारण कुरूप केल्याबद्दल बोलणी खाल्ली असती.

आता साधनांबद्दल. भाड्याच्या क्लाउडवर यातलं जवळजवळ काहीच करता येत नाही. शेजारी कोण आहे ते कळत नाही, फ्रिक्वेन्सी हातात नसते, आणि कार्डही खरं असेलच असं नाही. दोन जुने डेस्कटॉप, इंटेलच्या ८२५९९ चिपची दोन वापरलेली कार्डं आणि त्यांना थेट जोडणारी एक तांब्याची केबल पुरते, मध्ये स्विच नको. कार्डांसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करायला हरकत नाही. एका यंत्रावर लिनक्सचा पॅकेटजेन किंवा नेटमॅपसोबतचा जनरेटर चालवायचा, दुसरं तपासायचं. जनरेटर तपासल्या जाणाऱ्या यंत्रापेक्षा वेगवान असल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर मोजला जातो तो जनरेटरच. धावेची लांबी आणि पॅकेटांचे आकार ठरवताना १९९९च्या आरएफसी २५४४ची शिस्त अजून उपयोगी आहे : निदान साठ सेकंद, आणि ६४ बाइटांपासून १५१८पर्यंतचे सात आकार. पहिल्या प्रकरणात वाचकाने कर्नलला हात लावायचा नाही. एकच कर्नल दोन नावांनी बूट करायचा, आलटून-पालटून धावा घ्यायच्या आणि दोन्ही फाइली मिनिस्टॅटला द्यायच्या. जोवर त्याला त्यांत फरक दिसतो, तोवर दुसरं प्रकरण उघडू नये.